जोडगाडीची मजल

एका वाहनाने दुसऱ्या वाहनास ओढून न्यावे, हे दृश्य आपल्याकडील रस्त्यांवर इतके नित्याचे झाले आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात, घाटात दम सोडलेल्या मालट्रकला दुसरा मालट्रक साखळदंडाने बांधून वर काढतो, आणि खेड्यातील जीपवाला शेजाऱ्याची बंद पडलेली मोटार दोराने बांधून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत बिनबोभाट पोहोचवतो. मिस्त्री लोक या व्यवहाराला ‘टोचन लावणे’ म्हणतात आणि तेवढ्याने तो विषय संपतो. परंतु अंतर चार-सहा किलोमीटरांचे न राहता कित्येक शे किलोमीटरांचे झाले, म्हणजे याच क्रियेचे स्वरूप समूळ पालटते. जवळच्या मजलेत जी केवळ गैरसोय असते तीच लांबच्या मजलेत यंत्राचा नाश करते, आणि जो दोष पहिल्या वळणावर दिसतही नाही तो पन्नासाव्या वळणावर प्राणावर बेततो.

या प्रकरणापुरते एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. म्हैसुरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबास वडिलांच्या हातची मारुती ८०० पुण्यास न्यावयाची आहे. इंजिन निकामी झाले आहे, पण सांगाडा, चाके आणि ब्रेक शाबूत आहेत. आणि दारात महिंद्रांची थार किंवा तिच्या जातीची एखादी रानवाटांवर चालणारी गाडी उभी आहे. ओढणाऱ्या गाडीचे वजन पावणेदोन टन धरू आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचे, आतील किरकोळ सामानासह, सातशे किलो. मार्ग म्हैसुराहून श्रीरंगपट्टण, नागमंगल, हिरियूर, चित्रदुर्ग, हरिहर, हुबळी, बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूर असा, म्हणजे सुमारे नऊशे किलोमीटरांचा. बेत ऐकताच कोणीही पहिला प्रश्न हाच विचारील की एवढ्या लांब ओढण्याची ताकद त्या जीपमध्ये आहे काय. हा प्रश्न स्वाभाविक खरा, पण तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे.

गंमत अशी की याच मार्गाने ओझी ओढून नेण्याची विद्या म्हैसूरच्या मुलखात फार पूर्वीच परमावधीस पोहोचली होती, आणि तिचे बरेवाईट परिणाम मराठ्यांच्या इतिहासावरही झालेले आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस चिक्कदेवराज वोडेयराने राजवाड्यास दूधलोणी पुरविण्याकरिता ‘बेण्णे चावडी’ नावाचे गुरांचे खाते उभारले. हैदर अलीने त्याचा उपयोग तोफखान्यासाठी केला आणि त्याचा मुलगा टिपू याने त्यास ‘अमृत महाल’ हे नाव देऊन त्याची कुरणे, कळपांची नोंद आणि बैलांची शिकवण यांविषयी सविस्तर हुकूम काढले. अंगाने आटोपशीर, खुराने कठीण, मागे वळलेल्या लांब शिंगांचे हे बैल ओझ्याच्या प्रमाणापेक्षा वेगासाठी विख्यात होते. १७८१ मध्ये चिदंबरमच्या रक्षणासाठी धावताना हैदराने अडीच दिवसांत शंभर मैल काटले, ते याच बैलांच्या बळावर, असे इंग्रजी दप्तरांत नमूद आहे.

याची दुसरी बाजू दहा वर्षांनी दिसली. १७९१ च्या मे महिन्यात टिपूवर चालून आलेला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूर घेऊन श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी, अरकेरे येथे, येऊन ठेपला. तेथील लढाईही त्याने जिंकली. आणि तरीही त्यास माघारी फिरावे लागले. वैरण संपली होती, पाऊस सुरू झाला होता, बैल रोगाने आणि उपासमारीने शेकड्यांनी मरत होते. किल्ला फोडण्याची जी अवजड तोफ, तिच्या केवळ नळीचेच वजन अडीच टनांच्या घरात असे, आणि ती चिखलातून हलविण्यास बैलांच्या जोड्यांमागून जोड्या लावाव्या लागत, वर खड्ड्यातून काढताना हत्ती मागून कपाळाने रेटा देत असे. ते बैलच उरले नाहीत, तेव्हा एवढ्या कष्टाने आणलेल्या तोफा त्याने स्वतःच्या हातांनी फोडून टाकल्या आणि दारूगोळ्याचा नाश केला. परतीच्या वाटेला लागल्यावर समोर घोडदळ दिसले. ते शत्रूचे समजून इंग्रज लढावयास सज्ज झाले, पण ते निघाले दोस्त मराठ्यांच्या, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या, फौजेचे. टिपूच्या स्वारांनी जासूद मध्येच अडविल्यामुळे मराठे इतके जवळ आल्याची वार्ताच कॉर्नवॉलिसला पोहोचली नव्हती. मराठ्यांच्या छावणीच्या बाजारातील धान्याने ती उपाशी फौज वाचली, आणि पुढील वर्षी दोन्ही फौजांनी मिळून श्रीरंगपट्टणास वेढा घातला. तोफा चार दिवस टिकल्या असत्या तर त्या वेढ्यानंतर टिपूशी झालेला तह वर्षभर आधी झाला असता, असे मला नेहमी वाटत आले आहे.

१७९९ मध्ये टिपू पडल्यावर अमृत महालचे कळप इंग्रजांच्या हाती गेले, आणि १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तो दुसऱ्या बाजीरावास गादीवर बसविण्यासाठी श्रीरंगपट्टणाहून निघाला तेव्हा त्याची वाहतूक या म्हैसुरी बैलांवर होती. ९ मार्च रोजी त्याने हरिहर सोडले, तुंगभद्रा ओलांडली, पटवर्धनांच्या मुलखातून वाट काढली आणि २० एप्रिल रोजी तो पुण्यात दाखल झाला. आपल्या मारुतीचा मार्ग थोड्याफार फरकाने तोच आहे. 

यंत्रावर चालणाऱ्या गाड्यांचा आरंभही ओढण्यातूनच झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. फ्रान्समध्ये निकोला-जोसेफ क्यून्यो याने १७६९ च्या सुमारास वाफेवर चालणारी जी पहिली गाडी रस्त्यावर आणली, ती माणसे बसवून हिंडण्यासाठी नव्हती. तोफा ओढणे हाच तिचा उद्देश होता. ती चालली, पण तिला आवरणे आणि वळविणे दुष्कर ठरले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीस जीप घडविली ती पाठीला आकडा घेऊनच. पाव टनाचा लहान ट्रेलर किंवा रणगाडाविरोधी हलकी तोफ त्या आकड्यात अडकवून ती नेत असे. १९४७ मध्ये महिंद्रांनी त्या जीपांची जोडणी मुंबईत आरंभिली, आणि आजच्या थारचा वंशवृक्ष तेथवर जातो.

आता बळाचा हिशेब करू, कारण तो एकदा झाला म्हणजे मनावरील मोठे दडपण उतरते. सपाट डांबरी रस्त्यावर हवा नीट भरलेल्या टायरांवरील गाडी सावकाश सरकविण्यास तिच्या वजनाच्या शेकडा एक ते दीड इतकेच बळ पुरते. सातशे किलोच्या मारुतीस ते आठ-दहा किलो होते, आणि म्हणूनच दोन माणसे तिला सहज ढकलू शकतात. पंधरास एक अशा चढावर त्यात सत्तेचाळीस किलोंची भर पडते. हे बळही थारसारख्या गाडीच्या इंजिनास किरकोळच आहे. लोखंडी रुळावर तर हा विरोध आणखी घटतो. २०१६ च्या जून महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट या एकट्या गाडीने शंभर टनांहून अधिक वजनाचे रेल्वेचे डबे ऱ्हाईनच्या पुलावरून सुमारे दहा किलोमीटर ओढून दाखविले होते. अर्थात ओढणे सोपे आहे. कठीण आहे ते मागच्या वजनास थांबविणे, वळविणे आणि आपल्या मागोमाग सरळ ठेवणे; आणि या तिन्हींचा भार ज्या एका जागेवर येतो ती जागा म्हणजे दोन वाहनांमधील सांधा. लांब पल्ल्याच्या टोचनाचे सारे शास्त्र, माझ्या मते, त्या सांध्याचे शास्त्र आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत धोक्याचा सांधा म्हणजे दोर. दोर फक्त खेचू शकतो, रेटू शकत नाही. म्हणून पुढच्याने ब्रेक दाबताच तो सैल पडतो आणि पुढचा पुन्हा वेग घेताच हिसका बसतो. या हिसक्याचे मोजमाप करून पाहण्यासारखे आहे. पुढची आणि मागची गाडी यांच्या वेगात ताशी पाच किलोमीटरांचा, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीएवढाच फरक असताना दोर ताणला गेला, आणि तो साखळीचा अथवा तारेचा असल्याने पाच सेंटिमीटरांत त्यास हा फरक गिळावा लागला, तर त्यावर सरासरी जवळजवळ एक टन ओढ येते आणि क्षणभर त्याहूनही पुष्कळ अधिक. तोच दोर नायलॉनचा असून अर्धा मीटर ताणू शकला, तर हीच ओढ शंभर किलोंवर येते. जाणते मिस्त्री साखळी टाळून नायलॉनचा पट्टा का घेतात त्याचे कारण एवढेच. पण ताणलेल्या नायलॉनमध्ये साठलेली शक्ती दोर तुटताच किंवा आकडा उपटताच बाहेर पडते आणि लोखंडाचा तुकडा गोळीसारखा फेकला जातो; म्हणून दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड घोंगडे टाकावे आणि आसपास कोणास उभे राहू देऊ नये. दोर बांधावयाचा तो सांगाड्याच्या आकड्यास. बंपर, स्टिअरिंगचे दांडे किंवा चाकाचे आडवे हात ही ओढ सोसण्यासाठी घडविलेली नसतात, आणि ट्रेलर जोडण्याचा गोळा तर हिसक्याने मोडून उडाल्याची उदाहरणे आहेत.

कायद्यानेही दोराच्या टोचनास लांबच्या प्रवासाची मुभा ठेवलेली नव्हती, आणि ते योग्यच होते. रस्ता-वाहतुकीची १९८९ ची जी नियमावली दीर्घकाळ अंमलात होती, तिच्याप्रमाणे नादुरुस्त किंवा अपुऱ्या बांधणीचे वाहन पोहोचविण्यासाठी अथवा जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठीच ओढता येत असे. मागच्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असला पाहिजे, नाही तर तिची पुढची चाके उचलून घट्ट धरलेली असली पाहिजेत. दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरांहून अधिक नसावे. दोर अथवा साखळी इतरांस सहज दिसावी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान पंचाहत्तर मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले असावे. आणि वेग ताशी चोवीस किलोमीटरांच्या वर जाऊ नये, असे ती सांगत असे. २०१७ मध्ये तिच्या जागी नवी नियमावली आली. जुन्या नियमातील चोवीसच्या वेगाने पुणे गाठावयाचे म्हटले तर केवळ चाकांवरच अडतीस तास जातात, आणि मागच्या गाडीत बसलेल्या माणसाची स्थिती तर अत्यंत कष्टप्रद असते: इंजिन बंद असल्याने ब्रेकला निर्वाताचे साहाय्य नाही, दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते, स्टिअरिंगला यांत्रिक मदत असलीच तर ती नाहीशी होते, आणि किल्ली काढली गेली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊन गाडी पहिल्याच वळणावर सरळ जाते. पाच मीटरांवरील पुढच्या गाडीचे मागचे दिवे याशिवाय दिवसभर त्याच्या दृष्टीस दुसरे काही पडत नाही. त्यास थकवा येऊन लक्ष क्षणभर उडाले की अपघात झालाच.

दुसरा सांधा लोखंडी दांड्याचा. इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट मारुतीच्या पुढच्या भागास दोन ठिकाणी जखडली आणि तिचे टोक जीपच्या आकड्यात दिले, म्हणजे मागची गाडी चारही चाकांवर, बिनचालकाची, मागे येऊ शकते. अमेरिकेत घराएवढ्या प्रवासी मोटारींमागे लहान गाडी अशी शेकडो मैल ओढून नेण्याचा परिपाठच आहे. दांडा खेचतोही आणि रेटतोही, म्हणून हिसका जातो. पण रेटण्यातच नवे संकट आहे. जीपचा आकडा उंच असतो आणि लहान गाडीची जोड जमिनीलगत. दांडा असा तिरपा राहिला तर ब्रेक लागताच मागची गाडी त्यावरून जीपला पुढे आणि वर रेटते, जीपची मागची चाके हलकी होतात, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी त्यांची रस्त्यावरील पकड जाते. म्हणून आकड्यास खाली उतरणारा तुकडा जोडून दांडा आडवा करून घ्यावा. ही तजवीज अर्ध्या दिवसाची आहे, पण तिच्यावाचून निघू नये.

येथे रानवाटांच्या गाडीविषयी एक अप्रिय सत्य सांगितले पाहिजे. खडकांतून, ओढ्यांतून, चिखलातून जाण्यासाठी जे गुण तिला दिलेले असतात ते टोचनाच्या कामी बहुधा दोष ठरतात. ती उंच असते, म्हणून कलंडण्यास सोपी. तिच्या पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर आखूड असते, म्हणून मागच्या वजनाने आडवा धक्का दिला की ती चटकन फिरते. मूळ विलीस जीपमध्ये हे अंतर २०३२ मिलिमीटर होते आणि मारुती ८०० मध्ये २१७५; म्हणजे ओढणारीच ओढल्या जाणारीपेक्षा आखूड! थारमध्ये ते २४५० आहे, हे त्यातल्या त्यात समाधान. चारही चाकांना गती देण्याची तिची कीर्तीही महामार्गावर निरुपयोगी आहे: कोरड्या डांबरावर पुढचे-मागचे आस एकमेकांस जखडले की वळताना त्यांना वेगवेगळे अंतर कापता येत नाही, दातेचक्रांत पीळ साठतो आणि काहीतरी तुटते. लांबच्या टोचनात मागच्या दोन चाकांवरच चालावे, आणि हे बळ चिखलाच्या बगलरस्त्यासाठी राखून ठेवावे.

चाकांवर ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या पोटात काय चालते, इकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. इंजिन बंद असले तरी गती मिळणारी चाके गिअरपेटीस उलट बाजूने फिरवीत असतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. तो बंद, म्हणजे पेटीतील भाग कोरडेच घासणार, आणि थोडक्या किलोमीटरांत हजारो रुपयांचे नुकसान होणार. हाती गिअरच्या गाडीत न्यूट्रल पुरेसे आहे असे मानले जाते, पण जुन्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या पद्मिनी किंवा अँबेसिडरसारख्या गाड्यांत दूरच्या प्रवासासाठी गिअरपेटीपासून मागच्या आसाकडे जाणारा लांब दांडा सोडवूनच ठेवणे शहाणपणाचे. मारुतीची गती पुढच्या चाकांत आहे, म्हणून तिच्यासाठी तिसरा सांधा फार सोयीचा: दोन चाकांचे लहान गाडे, ज्यावर पुढची चाके चढवून पट्ट्यांनी जखडतात आणि मागची दोन मोकळी, रस्त्यावर, धावू देतात. हँडब्रेक सोडलेला आहे हे दोनदा पाहावे; तो ओढलेला राहिला तर मागचे ड्रम तापून लाल होतात आणि पुढच्यास वास येईतो उशीर झालेला असतो.

एवढे सर्व सांगून झाल्यावर माझे मत असे की नऊशे किलोमीटरांच्या मजलेस चौथाच मार्ग पत्करावा: नोंदणी झालेला, स्वतःचे दिवे, नंबर आणि ब्रेक असलेला ट्रेलर, आणि त्यावर चारही चाकांनिशी मारुती. कायद्याची अडचण संपते, गिअरपेटीचा प्रश्न मिटतो, मागे माणूस बसवावा लागत नाही. खर्च आणि वजन वाढते. ट्रेलरसह ओझे बाराशे किलोंच्या आसपास जाते. आणि मग समतोलाचा प्रश्न येतो, जो आपल्या गाडीवानांस पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. बैलगाडीत ओझे मागे अधिक पडले की ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलू लागते आणि चाल बिघडते; ओझे फार पुढे आले तर मानेस काच बसतो. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या शेकडा सात ते दहा एवढा भार आकड्यावर खाली दाबणारा हवा. बाराशे किलोंस तो शंभराच्या आगेमागे होतो, आणि घरच्या वजनकाट्यावरही तो अजमावता येतो. मारुती तोंड पुढे करून चढविली तर इंजिनाचे वजन पुढे पडते. ती वीत-दीड वीत पुढेमागे सरकवून भार जमवावा, मगच पट्टे कसावे, आणि पहिल्या वीस किलोमीटरांवर थांबून ते पुन्हा कसावे, कारण टायर दबल्याने ते हमखास सैल होतात.

भार मागे राहिला तर काय होते ते चित्रदुर्गाच्या माळावर कळते. तेथील डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्या उगाच नव्हेत. पावसाळ्याच्या दिवसांत नैऋत्येचा वारा महामार्गावर आडवा येतो, आणि त्यात एखादी उंच बस शेजारून वेगाने निघून गेली की तिच्या अंगाची हवा ट्रेलरला प्रथम दूर ढकलते आणि मग आत ओढते. मागचे वजन डोलू लागते. वेग अधिक असेल तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो आणि थोड्याच झोक्यांत ट्रेलर जीपला फिरवून आडवे पाडतो. यावर सहजप्रेरणेने सुचणारे दोन्ही उपाय, ब्रेक दाबणे आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरविणे, घातक आहेत. पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद काढावा, चाक दोन्ही हातांनी सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्र लावण्याची सोय असेल तर तेवढेच हलके लावावे.

रस्त्याची निवडही याच दृष्टीने करावी. म्हैसूर-बंगळूर हा नवा महामार्ग १२ मार्च २०२३ रोजी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य पट्ट्यावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर अशा मंद वाहनांस बंदी झाली. तेथील वाहतुकीचा वेग जोडगाडीस मानवणारा नाही, शिवाय बंगळूरचा वळसा पडतो. श्रीरंगपट्टणाहून नागमंगल, तुरुवेकेरे, हुळियार या गावांवरून हिरियूरला जाणारा दीडशे-अ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नारळाच्या बागांतून शांतपणे जातो. गतिरोधक पुष्कळ, पण घाट नाही, आणि नव्या सांध्याची परीक्षा घेण्यास असा पहिला टप्पा उत्तम. हिरियूरला पुण्याचा हमरस्ता भेटतो. दर दीड-दोन तासांनी थांबावे, ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावर हात धरावा. एक चाक इतरांहून तापलेले असेल तर तेथील बेअरिंग किंवा ब्रेक जात आहे, आणि तो दोष गावाजवळ सापडणे व रात्री माळावर सापडणे यांत फार अंतर आहे. हरिहर, हुबळी, बेळगाव येथे मिस्त्रींची वाण नाही. ज्या मुलखात हरिहराहून पुण्यास पोहोचण्यास वेलस्लीला बेचाळीस दिवस लागले, तेथून ताशी पन्नास-साठच्या वेगाने, मध्ये दोन रात्री मुक्काम करून, ही मजल सुखरूप होते.

निपाणीजवळ तवंदी घाट लागतो आणि तेथपासून ब्रेकची खरी कसोटी. ताशी साठच्या वेगातून एकटी थार सुमारे वीस मीटरांत थांबू शकत असेल, तर बाराशे किलोंचे बिनब्रेकचे ओझे मागे असताना तिला चौतीस मीटर लागतात, कारण रस्त्याला धरून ठेवणारी चाके तेवढीच आणि आवरावयाचे वजन मात्र जवळजवळ पावणेदोनपट. उतारावर तर ब्रेकने प्रत्येक क्षणी उष्णता गिळावयाची असते. एकूण तीन टनांची जोडगाडी दोनशे मीटर उंचीवरून उतरते तेव्हा वीस लिटर पाण्यास उकळी आणील एवढी उष्णता कोठे तरी जिरवावी लागते. ती सारी ब्रेकच्या पात्यांत गेली तर त्यांचे घर्षण ढिले पडते, ब्रेकच्या तेलात वाफ धरते आणि पेडल तळापर्यंत रिकामे जाते. इंजिनाकडे हे काम सोपविले तर ते दिवसभर न थकता करते. ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने, किंवा त्याच्याही खालच्याने, उतार उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा.

या मार्गावरील सर्वांत वाईट उतार सर्वांत शेवटी आहे. सातारा मागे पडतो, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचे कुप्रसिद्ध वळण पार होते, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर येताच पुण्याचे दिवे दिसू लागतात आणि चालकाचे मन घरी पोहोचलेले असते. तेथून नवले पुलापर्यंत रस्ता रुंद आणि सतत उतरता आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, आणि तेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याच्या सवयीविरुद्ध तेथे वारंवार फलक लावावे लागतात. जोडगाडीच्या चालकाने बोगद्याच्या अलीकडेच, सुरक्षित जागा पाहून थांबावे. पट्टे, आकड्याची पिन आणि सुटल्यास धरून ठेवणाऱ्या दोन्ही आडव्या साखळ्या पाहाव्या. चाकांवर हात फिरवून ती निवू द्यावी. मग तिसरा गिअर टाकून, डावीकडच्या पट्ट्यातून, ताशी चाळीसच्या आत, इंजिनाचा चढा आवाज ऐकत खाली उतरावे, आणि मागून कितीही कर्णे वाजले तरी पूल ओलांडून रस्ता सपाट होईतो तो गिअर बदलू नये.